वाचून दाखवणारा कादंबरीकार : वि. स. खांडेकर



आपल्या मोठ्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेचे निमंत्रण मला मिळाले, तेव्हा विषय निवडण्याचे पूर्ण स्वातंत्र्य संस्थेने मला दिले होते. मी उलटटपाली विषय कळवला. त्यासाठी विचार करावा लागला नाही. सरांनी मला एकदा एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर त्यांच्या हयातीत मी दिले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे, एवढे समजून आपण ते ऐकावे, ही विनंती.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि पुढच्या जूनमध्ये मी या शाळेत पाचवीत दाखल झालो. शनिवारचा शेवटचा तास मोठे सर घेत. वेळापत्रकात त्या तासाला कोणताच विषय नसे. सर हातात एक पुस्तक घेऊन येत, खुर्चीत न बसता खिडकीशी उभे राहत आणि वाचून दाखवत. वि. स. खांडेकरांची रूपककथा मी प्रथम ऐकली ती त्या खिडकीशी. वाचन संपल्यावर सर उत्तरेकडे बोट दाखवून म्हणाले होते, "तेरेखोलची खाडी ओलांडायची, रेडी मागे टाकायची, की शिरोडा. तिथं हा माणूस अठरा वर्षं मास्तर होता." पुस्तके लिहिणारी माणसे पुण्यामुंबईतच असतात अशी आम्हां पेडण्याच्या मुलांची पक्की समजूत होती. आपल्या खाडीपलीकडच्या एका शाळामास्तराने ती लिहिली, हे कळल्यावर वर्गाची मान थोडी ताठ झाली, हे मला स्पष्ट आठवते.

पुढे मी एम. ए. झालो, महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो. आमच्या पिढीवर 'कोसला'चे गारूड होते. १९६३ साली आलेल्या त्या कादंबरीने मराठी वाक्याची घडणच बदलून टाकली होती. अशा वेळी खांडेकरांची उपमा-रूपकांनी नटलेली भाषा, सुभाषितासारखी वाक्ये, ध्येयवादी नायक आणि त्यागमूर्ती नायिका यांची थट्टा करणे हे आधुनिकतेचे लक्षण समजले जाई. मीही ती केली. १९७६ च्या सप्टेंबरात खांडेकर गेले, तेव्हा महाविद्यालयातील शोकसभेत मी जे बोललो ते शोकसभेला शोभणारे नव्हते. श्रोत्यांत मोठे सर होते. ते काही बोलले नाहीत. १९८४ साली मला पीएच. डी. मिळाली. प्रबंधातील एक संपूर्ण प्रकरण खांडेकरांच्या कादंबरीतील कृत्रिमतेवर होते. त्याची एक प्रत मी मोठ्या अभिमानाने सरांना नेऊन दिली.

दोन महिन्यांनी प्रत परत आली. तिला खाकी कागदाचे कव्हर घातलेले होते. खांडेकरांवरच्या प्रकरणाच्या शेवटी, समासात, शिसपेन्सिलीने एकच ओळ होती : 'त्यांनी काय काय वाचले होते, ते तुम्ही पाहिले आहे का?' शाळेत असताना सर मला 'तू' म्हणत. त्या 'तुम्ही'ने मला त्यांच्यापासून किती लांब नेऊन ठेवले, ते तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. प्रश्न मला भाबडा वाटला. कादंबरीचे मूल्यमापन कादंबरीवरून करायचे. लेखकाच्या वाचनाशी समीक्षकाला काय कर्तव्य, असे मी मनाशी म्हटले. १९९३ साली सर गेले. निवृत्तीनंतर पुस्तकांची आवराआवर करताना तो प्रबंध पुन्हा हाती आला. पेन्सिलीची ओळ पुसट झाली होती, पण वाचता येत होती. मग मी खांडेकर पुन्हा वाचावयास घेतले. या वेळी आरंभ कादंबऱ्यांपासून न करता त्यांनी दुसऱ्यांविषयी जे लिहिले तेथून केला.

लेखकाच्या आवडीनिवडी त्याच्या मुलाखतींतून कळतात, असा आपला समज असतो. मुलाखतीत आवडता लेखक म्हणून एखादे नाव सांगायला काही खर्च येत नाही. त्याने आपले आयुष्य, आपली लेखणी कोणासाठी झिजवली हे पाहिले, तर त्याची खरी आवड कळते. या कसोटीवर खांडेकरांचा हिशेब थक्क करणारा आहे. गडकऱ्यांवर त्यांनी 'गडकरी : व्यक्ति आणि वाङ्मय' हा ग्रंथ लिहिला. आगरकर, केशवसुत, वामन मल्हार जोशी यांच्यावर स्वतंत्र पुस्तके लिहिली. खलील जिब्रानच्या रूपककथा मराठीत आणल्या. अर्न्स्ट टोलर या जर्मन नाटककाराच्या पत्रांचा 'तुरुंगातील पत्रे' हा अनुवाद केला. नव्या लेखकांच्या पुस्तकांना प्रस्तावना लिहिल्या. कथा, लघुनिबंध, पटकथा आणि कादंबऱ्या यांच्या व्यापात हे सारे त्यांनी केले. आणि जन्मभर त्यांच्या डोळ्यांनी त्यांना कधी पुरती साथ दिली नाही. ज्याला प्रत्येक पान डोळ्यांना ताण देऊन वाचावे लागते, त्याच्या वाचनात उधळपट्टीला जागा नसते.

या वाचनाची सुरुवात कोठे झाली? ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पितृछत्राला मुकला. १९१३ साली मॅट्रिक होऊन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेला. तेथे राम गणेश गडकऱ्यांचा सहवास त्याला लाभला. पुढे चुलत्यांना दत्तक जाऊन गणेश आत्माराम खांडेकर हा विष्णु सखाराम खांडेकर झाला आणि सावंतवाडीजवळच्या नानेलीशी त्याचे नाते जडले. पदवी मात्र पुरी झाली नाही. ज्यांना पुढे शिवाजी विद्यापीठाने डी. लिट. देऊन गौरवले, त्यांच्यापाशी बी. ए. ची पदवी नव्हती. १९२० साली ते शिरोड्याच्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तेथेच राहिले.

गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले होते. विशीतल्या तरुणाच्या मनावर गडकऱ्यांची भाषा एकदा बसली की ती सहज उतरत नाही. कल्पनाविलास, कोट्या, अतिशयोक्तीचा आवेश, एकाच वाक्यात हसवून लगेच डोळ्यांत पाणी आणण्याची हातोटी, हे सारे खांडेकरांत आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना तर ते गुरुस्थानी मानत. 'सुदाम्याचे पोहे' ज्याने मनापासून वाचले आहेत, त्याला खांडेकरांच्या वाक्यातला तो चमकदार उलटफेर कोठून आला, हे सांगावे लागत नाही. माझ्या प्रबंधात मी याला 'अनुकरण' म्हटले होते. आज मी त्याला 'घराणे' म्हणेन. गायकाच्या गळ्यात गुरूची जागा ऐकू आली तर आपण त्याला दाद देतो. लेखकाच्या वाक्यात ती दिसली की मात्र नाक मुरडतो.

परंतु केवळ भाषेच्या घराण्याने कादंबरीकार घडत नाही. दुसरा प्रवाह विचारांचा होता. आगरकर १८९५ साली वारले. खांडेकरांचा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी झाला. म्हणजे हे नाते निखळ वाचनातून आलेले आहे. 'सुधारक'मधल्या त्या कठोर, तर्कशुद्ध, अलंकारांची फारशी पर्वा न करणाऱ्या गद्याने या अलंकारप्रिय लेखकाला जन्मभर जागे ठेवले. वामन मल्हारांकडून त्यांनी आणखी एक गोष्ट घेतली : कादंबरीतली माणसे विचारही करू शकतात, एकमेकांशी वाद घालू शकतात आणि त्या वादाने कथानक पुढे जाऊ शकते. गडकऱ्यांची प्रतिभा आणि आगरकरांचा विवेक यांचा संसार एका घरात सुखाने चालणे कठीण. खांडेकरांच्या १९३४ सालच्या 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' या कादंबऱ्यांत जी ओढाताण जाणवते, ती मला आता या दोन आवडींमधली ओढाताण वाटते. तिच्यात त्यांचे दोष आहेत, आणि त्यांचा प्रामाणिकपणाही आहे.

तिसरा प्रवाह परदेशातून आला, इंग्रजीच्या वाटेने. त्यांनी निवडलेली नावे पाहा. अर्न्स्ट टोलरने १९१९ च्या बव्हेरियातील क्रांतीत भाग घेतला आणि पाच वर्षे तुरुंगात काढली. त्याच्या कोठडीत पाकोळ्यांनी घरटे केले, त्यावर त्याने कविता लिहिल्या. खलील जिब्रान हा लेबनॉनचा, वास्तव्य अमेरिकेत, आणि अर्ध्या पानाच्या गोष्टीत आयुष्याचा सारांश सांगण्याची त्याची रीत. कोकणातल्या आडगावी राहणाऱ्या शिक्षकाला युरोपातील चमकदार, फॅशनेबल लेखकांची ओढ लागली असती तर नवल नव्हते. त्याने निवडले ते एक कैदी आणि एक परागंदा. मिठाच्या सत्याग्रहाची लाट १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर येऊन पोचली होती. तुरुंगाची वाट धरणारी साधी माणसे त्याच गावाने पाहिली होती. टोलरची पत्रे मराठीत आणावीशी वाटणे ही आवड ग्रंथालयातल्या कपाटाइतकीच त्या मिठागरांतूनही आली असावी, असे माझे मत आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. हा मनुष्य अठरा वर्षे शिक्षक होता, ही त्याच्या चरित्रातली एक नोंद म्हणून आपण वाचतो आणि पुढे जातो. मला आज वाटते, त्याच्या साऱ्या वाचनाची किल्ली येथेच आहे. वाचणाऱ्यांचे दोन प्रकार मी आयुष्यभर पाहिले. एक स्वतःसाठी वाचतो. पुस्तक मिटले की त्याचा व्यवहार पुरा होतो. दुसरा वाचता वाचताच मनाशी ठरवतो की हे उद्या कोणाला तरी सांगायचे. शिक्षक दुसऱ्या प्रकारचा असतो, निदान चांगला शिक्षक असावा. खांडेकरांनी जे जे वाचले ते ते कोणाला तरी वाचून दाखवले : वर्गात मुलांना, सावंतवाडीच्या 'वैनतेय' साप्ताहिकातून कोकणच्या वाचकांना, अनुवादांतून आणि प्रस्तावनांतून साऱ्या महाराष्ट्राला.

त्यांच्या सुभाषितवजा वाक्यांचा उलगडा मला येथे झाला. वर्गात शिकवताना शेवटच्या बाकावरच्या मुलाचे लक्ष उडाले आहे, हे शिक्षकाला दिसते. त्याला घरी नेता येईल असे एक वाक्य तरी द्यावे म्हणून शिक्षक फळ्यावर ते वाक्य लिहितो. उपमा देतो, कारण उपमा ध्यानात राहते. खांडेकरांची आलंकारिक भाषा ही माझ्या मते फळ्यावरची भाषा आहे. ती त्या शेवटच्या बाकावरच्या मुलासाठी आहे. असे हजारो वाचक त्यांना लाभले. मराठीत लाभलेच, पण गुजराती आणि तमिळ अनुवादांतूनही लाभले. आपापल्या भाषेतला लेखक म्हणावा इतक्या आपुलकीने त्यांनी खांडेकरांना वाचले.

हे सांगताना मी माझ्या प्रबंधातले सारेच मागे घेत नाही; सरांनाही ते आवडले नसते. कादंबरीचा वाचक विद्यार्थी नसतो. त्याला उत्तर सांगितलेले आवडत नाही, ते शोधू दिलेले आवडते. खांडेकरांची पात्रे अनेकदा स्वतःच्या तोंडून न बोलता लेखकाच्या तोंडून बोलतात. ना. सी. फडके आणि खांडेकर यांच्या नावाने 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' हा वाद मराठीत गाजला. त्या वादात खांडेकरांच्या बाजूला उभे राहणाऱ्यालाही हे मान्य करावे लागेल, की जीवनासाठी लिहिताना कलेकडून घेतलेले कर्ज काही ठिकाणी फिटलेले नाही. हा दोष आहे. तो शिक्षकाचा दोष आहे, हे मात्र मला तेव्हा कळले नव्हते.

आणि या दोषावर मात करण्याचा त्यांचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे 'ययाति'. १९४२ च्या 'क्रौंचवध'नंतर १९५४ च्या 'अश्रू'पर्यंत मध्ये बारा वर्षे गेली. 'क्रौंचवध' हे नावच मुळी रामायणाच्या आरंभातून घेतलेले. १९५९ साली 'ययाति' आली, ती महाभारताच्या आदिपर्वातून. जुन्या ग्रंथांचे त्यांचे वाचन कसे होते पाहा. कालिदासाच्या 'शाकुंतला'त कण्व शकुंतलेला आशीर्वाद देताना ययाति आणि शर्मिष्ठेचा दाखला देतो. आपण परीक्षेसाठी तो श्लोक पाठ करतो आणि विसरतो. मूळ कथेत शर्मिष्ठा दासी होऊन आलेली आहे, तिचा विवाह चोरून झालेला आहे. मग लेकीला सासरी पाठवताना बापाला हेच नाव का आठवावे? असे प्रश्न मनात ठेवून जो वाचतो, त्याला व्यासांच्या एका आख्यानात चारशे पानांची कादंबरी दिसते.

'ययाति'त हा फळ्यापाशी उभा असलेला शिक्षक एक पाऊल मागे सरकतो. कथा ययाति सांगतो, देवयानी सांगते, शर्मिष्ठा सांगते. प्रत्येकाला आपलेच म्हणणे खरे वाटते आणि निवाडा वाचकावर सोपवलेला असतो. कच तेवढा अधूनमधून वर्ग घेतो, हे मी नाकारत नाही. पण स्वातंत्र्यानंतर भोगाच्या मागे धावू लागलेल्या समाजाला त्यांनी त्या राजाच्या मुखाने स्वतःचेच चरित्र ऐकवले, आणि ते त्याने ऐकले. १९६० साली साहित्य अकादमीचा आणि १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार या कादंबरीच्या वाट्याला आला. ज्ञानपीठ मिळवणारे ते पहिले मराठी लेखक.

येथे एका वेगळ्याच पुस्तकाचा उल्लेख केल्यावाचून त्यांच्या आवडीची गोष्ट पुरी होणार नाही. १९४२ सालीच, ज्या वर्षी त्यांची स्वतःची 'क्रौंचवध' आली त्याच वर्षी, तिशीतल्या एका कवीच्या कविता खांडेकरांनी स्वतः पुढाकार घेऊन प्रकाशित केल्या. तो संग्रह म्हणजे कुसुमाग्रजांची 'विशाखा'. यशाच्या शिखरावरील कादंबरीकाराने दुसऱ्याच्या कवितेसाठी धावपळ करावी, याला मी वाचकाची कृतज्ञता म्हणतो. पुढे १९८७ सालचे ज्ञानपीठ कुसुमाग्रजांना मिळाले, तेव्हा खांडेकर हयात नव्हते. मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्याने दुसऱ्याच्या संग्रहाचे प्रास्ताविक पंचेचाळीस वर्षे आधीच लिहून ठेवले होते.

मित्रहो, अखेरच्या वर्षांत खांडेकरांची दृष्टी पूर्णपणे गेली. तरीही लेखन थांबले नाही. ते सांगत आणि कोणी लिहून घेई. पुस्तके कोणी तरी वाचून दाखवी आणि ते ऐकत. शिरोड्याच्या वर्गात ज्याने अठरा वर्षे मुलांना वाचून दाखवले, त्याला शेवटी दुसऱ्यांनी वाचून दाखवले. त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट मला पूर्वी करुण वाटे. आज ती मला न्याय्य वाटते. जे दिले ते परत आले.

हे मी आज सांगतो आहे, त्याला एक घरगुती कारणही आहे. गेल्या तीन वर्षांत माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी बरीच रजा घेतली आहे. हे व्याख्यान मी सांगितले आणि माझ्या नातीने ते लिहून घेतले. 'ययाति' पुन्हा वाचली, तीही तिच्याच आवाजात. वाचताना देवयानीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, हिचं चुकलं काय?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. आयुष्यभर प्राध्यापकी केलेल्या माणसाला ते जड गेले. पण तिचा प्रश्न तिच्यापाशीच काही दिवस राहावा, असे मला वाटले. माझ्या सरांनीही मला प्रश्नच दिला होता. उत्तर दिले असते तर मी ते प्रबंधाच्या तळटीपेत टाकून मोकळा झालो असतो.

सरांच्या कपाटातली पुस्तके त्यांच्या कुटुंबीयांनी या शाळेच्या ग्रंथालयाला दिली आहेत, हे मला आज सकाळी कळले. मी ती पाहून आलो. त्यांत खांडेकर आहेत, पण त्याहून अधिक जागा गडकरी, आगरकर आणि केशवसुत यांनी व्यापली आहे. म्हणजे सरांनी प्रश्न विचारण्याआधी स्वतः उत्तर शोधले होते. त्यांना माझ्याकडून माहिती नको होती. मी ती वाट चालावी एवढेच त्यांना हवे होते.

संस्थेच्या चालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. शनिवारचा तो शेवटचा तास पुन्हा सुरू करावा. त्याला विषय नसावा, गुण नसावेत. कोणी तरी खिडकीशी उभे राहून एक पुस्तक वाचून दाखवावे. शिक्षकांना वेळ नसेल तर आपल्यापैकी जे निवृत्त आहेत त्यांनी यावे. मुलांपैकी किती जण ऐकतील याची चिंता करू नये. मी चौथ्या बाकावर बसून ऐकत होतो, पण ऐकले ते समजायला मला पन्नासएक वर्षे लागली.

सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे : हो, आता पाहिले आहे.